काळी गाडी, पांढरी गाडी आणि सहावा डबा

संपादकांचा निरोप आला, दिवाळी अंकासाठी एखाद्या आवडत्या चित्राचे गुण आणि दोष लिहा, तुमची हयात त्याच धंद्यात गेली. आता हे संपादक वयानं लहान. त्यांना वाटतं मी चित्रं पाहत होतो. अहो, मी पडद्याकडे पाठ करून उभा असायचो! जेवढी माणसांची तोंडं पाहिली, त्याच्या निम्मीसुद्धा चित्रं मी धड पाहिलेली नाहीत. तरी एका चित्राबद्दल सांगतो. ते मोटारींच्या शर्यतीचं होतं, आणि त्याच्या गुणदोषांपायी एका पोरीची सोयरीक मोडता मोडता राहिली.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला बांधलेला होता आणि चित्रं मुकी होती. आमचा फिरता तंबू होता. मालक वजीरभाई, घरचा धंदा सरकीचा, पण एकदा अकोल्याला चित्र पाहून आले ते सरकी विसरले. मशीन स्वतःच्या हातानं फिरवत. आज बटण दाबलं की चित्र चालतं, तेव्हा दांडा फिरवावा लागे. हात भरून आला की पडद्यावरचे लोक सावकाश चालत, आणि चहा पिऊन आले की तेच लोक पळत सुटत. मधूनमधून पडद्यावर परदेशी अक्षरांच्या पाट्या येत. त्या कोणाला वाचता येणार? म्हणून मी होतो. मला बयानमास्तर म्हणत. हातात वेताची छडी घेऊन पडद्याच्या बाजूला उभं राहायचं आणि हा कोण, ती कोण, कोण कोणाला काय बोलला, सगळं खणखणीत आवाजात सांगायचं. पडद्यावर मड्डम तोंड हलवी आणि आवाज माझा निघे. हसू नका. एका गावी मड्डमच्या मरणावर मी असा रडलो, की दुसऱ्या दिवशी एक म्हातारी माझ्यासाठी भाकर आणि पिठलं घेऊन आली. "लेकरा, खाऊन घे, गेली ते गेली," म्हणाली. आजच्या बोलपटातल्या एका तरी नटाला कोणी पिठलं आणून दिलं आहे का?

तर ते चित्र. मुंबईच्या एजंटानं सहा डबे पाठवले. पाच डब्यांत फिल्लम होती, सहाव्यात एक पायमोजा निघाला. एकच. तोही डाव्या पायाचा असावा. मी कपाळाला हात लावला. सहावा डबा म्हणजे शर्यतीचा शेवट!

"वजीरभाई, परत पाठवा हे. शेवटच नाही तं मी सांगू काय?"

वजीरभाई पायमोजा उलटासुलटा करून पाहत होते. "मास्तर, अल्लानं तुमाले तोंड कशासाठी देल्लं? पाच डब्बे मी दाखवतो, सहावा तुमी दाखवा."

आणि गावागावांत दवंडी पिटली गेली: आला हो आला, मोटरींचा शंकरपट!

आमच्याकडच्या माणसाला शंकरपट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, त्यावर धुरकरी, म्हणजे हाकणारा, आणि सरळ आखलेल्या पटावर दोन जोड्या शेजारीशेजारी सुटतात. पंच बसलेले असतात आणि त्यांचा शब्द शेवटचा. आमचा सारा प्रेक्षक या परीक्षेत मुरलेला. मोटार मात्र त्यांनी एकच पाहिलेली, डिप्टी कमिशनरसाहेबांची, आणि तीही बहुतेक वेळा चिखलातून बैलांनी ओढून काढताना. त्यामुळे मोटारीबद्दल आदर असा कोणाला नव्हताच.

गोष्ट अगदी साधी. काळ्या गाडीचा धुरकरी गरीब, हडकुळा, तोंडाला सदा तेल लागलेलं. पांढऱ्या गाडीचा धुरकरी श्रीमंत, जाड मिशांचा, कपटी. दोघांचाही जीव कारखानदाराच्या पोरीवर. मधले तीन डबे तिघं एकमेकांकडे पाहत बसतात, आणि हा त्या चित्राचा पहिला दोष. मोताळ्याला बाजाराच्या दिवशी पहिला खेळ लावला, तेव्हा दुसऱ्या डब्यालाच ओरड सुरू झाली. "मास्तर, गाड्या सोडा! हे लोकं जेवत नाई, खात नाई, नुसते उसासे टाकून राह्यले!" तिसऱ्या डब्यात तो हडकुळा मड्डमला जवळ ओढतो. तिथं वजीरभाई मशीनच्या तोंडावर पंजा ठेवत, पडद्यावर अंधार होई आणि मी म्हणायचो, "इतक्यात आभाळ भरून आलं!" हा दोष म्हणावा की गुण, ते ज्याचं त्यानं ठरवावं. अंधारातच शिट्ट्या जास्त पडत.

मग शर्यत सुटे. इथं मात्र चित्राची बाजू बळकट होती. काय त्या गाड्या, काय ते धावणं! वजीरभाईंचा हात असा फिरे की दांडा मोडतो की काय वाटावं. ढोलकीवाला चाकांचा आवाज काढी. आणि धूळ! अशी धूळ मी दुसऱ्या कोणत्याच चित्रात पाहिली नाही. खरं कारण असं, की तंबूतला प्रत्येक बाप्या बिडी ओढत होता आणि तो सगळा धूर मशीनच्या झोतातून लोळत पडद्याकडे जाई. चित्रातल्या धुळीत मोताळ्याची धूळ मिसळली, मग अस्सल का नाही वाटणार? पुढच्या रांगेतले दोघे तर खोकले.

पण परीक्षक गप्प बसतात काय! "मास्तर, हे गोल गोल काऊन फिरून राह्यले? वाट चुकले काय?" मी सांगितलं, परदेशात जागा कमी, म्हणून. "मोटरले शेपूट नाई, मंग धुरकरी पिरगाळते काय?" मी सांगितलं, आत गोल चाक आहे, ते पिरगाळतो. हे त्यांना पटलं. शर्यतीआधीच्या सरावात एक गाडी कोलांट्या खाऊन पडते आणि आतला माणूस उठून टोपी झटकतो. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की हे काही खरं नाही.

आणि मग शेवटचं वळण. काळी आणि पांढरी शेजारीशेजारी, मड्डम रुमाल चावते आहे, आणि खट्! पाचवा डबा संपला.

पडदा पांढराफेक. वजीरभाईंनी दिवा तसाच ठेवला आणि रिकामं मशीन करकर फिरवत राहिले. बिडीचा धूर झोतातून चाललेलाच होता. ढोलकी बंद पडली नाही. आणि मी सुरू झालो. "पाहा, पाहा! काळीनं उचल घेतली! पांढऱ्याचं चाक भलत्याच बाजूला! काळी पुढे, पांढरी मागे, काळी पुढे!" काय सांगू, माझ्या आवाजानं तंबूचे बांबू हलत होते. मोताळ्यानं काळीला जिंकवलं आणि टोप्या उडवल्या. गरीब माणूस जिंकला याचा आनंद त्या कापूस वेचणाऱ्या लोकांना झाला नसता तरच नवल.

पुढचा मुक्काम जळगाव जामोद. तिथं चौथ्या डब्यापासूनच लोक "पांढऱ्या! पांढऱ्या!" म्हणून ओरडायला लागले. का, तर त्या हंगामात त्यांच्या गावच्या पांढऱ्या जोडीनं पट मारला होता. शिवाय ती मिशी. "मिशी पाह्य त्याची! असा माणूस कपटी राहीन काय?" असं तिथल्या जाणत्यांचं मत पडलं. आता बयानमास्तराचं कसब कशात, तर समोरची तोंडं वाचण्यात. पाटीवर काय लिहिलंय याला कोण विचारतो! मी त्या मिशीवाल्याला चालू चित्रात सुधारून टाकला. कपट नव्हतं, गैरसमज होता, म्हणालो. आणि कोऱ्या पडद्यावर पांढरी गाडी अशी काही आणली, की लोकांनी मशीनला हार घातला.

माझं काम मी चोख केलं होतं. गावानुसार शेवट देणं हा आमच्या धंद्यातला रिवाज होता. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाशी चित्रावर बोलेल, असं तेव्हा कोणाच्या स्वप्नात होतं?

उंद्रीला तंबू ठोकला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी मी पाल बांधून झोपलो होतो. धोतराचा सोगा हातात धरून एक गृहस्थ धावत आले आणि मला गदागदा हलवायला लागले.

"बयानमास्तर तुमीच ना? चला, चला लवकर! माह्या भाचीची सोयरीक तुमच्यापायी मोडून राह्यली!"

मी दचकून उठलो. आयुष्यात कोणाच्या भाचीकडे वर मान करून पाहिलं नव्हतं. रस्त्यानं ते मामा सांगत गेले. भाची वच्छला, मोताळ्याच्या किसनरावांची मुलगी. मुलगा जळगावचा, नथ्थूजींचा. उंद्री मामाचं गाव, म्हणून कुंकवाचा कार्यक्रम इथं. सगळं ठरलेलं, पुरणपोळीची पंगत बसलेली, तुपाची वाटी फिरत होती. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, गावात मोटरींचा शंकरपट आला आहे. किसनराव म्हणाले, "पाह्यला आमी मोताळ्यात. काळीनं काय पट मारला!" नथ्थूजी म्हणाले, "काळीनं? पाव्हणे, पांढरीनं." झालं! काळी, पांढरी, काळी, पांढरी, आणि शेवटी दोघंही भरल्या ताटावरून उठले.

मी ओसरीवर पोचलो तेव्हा दोघं दोन खांबांना टेकून, पाठी फिरवून बसले होते. किसनराव धिप्पाड, नथ्थूजी काटकुळे, आणि दोघांचेही कान लाल. मुलगा बाहेर लिंबाखाली टोपी गरागरा फिरवत उभा. दाराच्या आड वच्छला असावी, कारण बांगड्या वाजल्या.

"मास्तर," किसनराव म्हणाले, "मी माह्या डोळ्यानं काळी आलेली पाह्यली. हे म्हनतेत मी खोटं बोलून राह्यलो. ज्या घरात सासऱ्याले बापाचा शब्द खोटा वाटते, त्या घरात मी पोरगी देऊ?"

"आन मी?" नथ्थूजी उसळले. "मी काय आंधळा हाओ? मी पट्टीचा पंच माणूस! दोन जोड्यांत विताचा फरक असला तं मले दिसते. पांढरी आली. मी माह्या या डोळ्यानं पाह्यली!"

आता बोला! दोघंही खरे आणि पडद्यावर काहीच नव्हतं. काळी म्हणावं तर मुलाचा बाप जातो, पांढरी म्हणावं तर मुलीचा. आणि दोन्हीकडे काहीच नव्हतं म्हणावं तर दोघं मिळून मला लिंबाला बांधतात. चार हजार माणसांसमोर न अडलेली ही जीभ चौघांसमोर टाळूला चिकटली.

तेवढ्यात वजीरभाई धापा टाकत आले. मला वाचवायला आले असं वाटलं. छे! त्यांच्या हातात डबा होता. चिखलीच्या टपालातून एजंटानं पाठवलेला खरा सहावा डबा. आणि हा भला माणूस ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "भांडता कशाले? शेवट हाजिर हाये! संध्याकाळी दोघंही या, पडद्यावर पाहून घ्या खरं काय ते!"

"ठरलं," दोघंही म्हणाले. "जो खोटा निघन, त्यानं सोयरीक सोडावी."

मी वजीरभाईंना तंबूमागं ओढत नेलं. "भाई, तुमची अक्कल सरकीत राह्यली काय? कोणीतरी एक खोटा निघणारच की!" आम्ही डबा उघडला आणि फिल्लम हातभर ओढून उन्हासमोर धरली. बारीक बारीक चित्रं. काळी दिसली, पांढरी दिसली, दोघींची टक्कर झाली, दोघी खड्ड्यात. दोन्ही धुरकरी खड्ड्यात बसून एकमेकांच्या गळ्यात पडलेले. आणि मागून एक तिसरीच गाडी, पट्ट्यापट्ट्यांची, जी पहिल्या डब्यात एकदा उभी दाखवली होती, ती फुरफुरत आली आणि जिंकली! आत एक गोल तोंडाचा गडी, त्याला नावसुद्धा नाही.

वजीरभाई खूश झाले. "मास्तर, दोघंही खोटे! हिसाब बरोबर!"

"हिशोब बरोबर, आन तंबूची राख," मी म्हणालो. आणि पोरीचं काय? दोन खोट्या बापांच्या घरात कोणती सोयरीक टिकणार? मी डबा लपवायला निघालो होतो, पण गावभर बोभाटा झालेला. तंबू दिवे लागायच्या आत भरला. उंद्रीबरोबर आजूबाजूची खेडीही लोटली. किसनराव पुढे डाव्या अंगाला, नथ्थूजी उजव्या अंगाला, मध्ये मामा. बायकांच्या बाजूला वच्छला मावशीच्या आड बसलेली.

त्या दिवशी मी पाच डबे कसे बोललो, मला आठवत नाही. आभाळ भरून आलं हे सांगायलासुद्धा विसरलो, वजीरभाईंचा पंजाही राहून गेला, आणि उंद्रीनं भलतंच पाहिलं. मग सहावा डबा लागला. मी छडी काखेत मारली आणि गप्प उभा राहिलो. पडद्यावर टक्कर झाली. खड्डा आला. पट्ट्यापट्ट्यांची गाडी आली, जिंकली, आणि गोल तोंडाच्या गड्याला हार पडला.

मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला घेतलं.

"बंद कर बे ते मशीन!" किसनराव उठले होते. "हे खोटं हाये!"

"साफ खोटं!" पलीकडून नथ्थूजी उठले. "हा पट्ट्यापट्ट्याचा कोण? पट सुटला तवा होता काय तो?"

"नव्हता! मी मोताळ्यात पाह्यलं ना! दोनच गाड्या होत्या."

"हाव! मीबी जळगावात पाह्यलं! दोनच होत्या!" नथ्थूजींचा आवाज आता पंचांचा झाला होता. "न सांगता मधातून जोडी घुसवली तं पंच तिले पटाबाहेर काढतेत. तेही वळणावर घुसला! काढा त्याले!"

"काढा! काढा!" सगळी उंद्री ओरडायला लागली. विलायतेत हार घालून घेतलेल्या त्या गड्याला आमच्या चिखली तालुक्यानं एकमतानं बाद केलं. वजीरभाईंनी घाबरून फिल्लम काढली. पडदा पुन्हा पांढराफेक झाला.

"मास्तर," किसनराव म्हणाले, "तुमी सांगा. मशीनचं काई खरं नाई."

हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान होता. काळी की पांढरी? डावीकडे किसनराव, उजवीकडे नथ्थूजी, दोघंही माझ्या तोंडाकडे टक लावून. जन्मभर तोंडं वाचली, पण त्या दोन तोंडांवर दोन वेगळे शेवट लिहिलेले. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. मावशीच्या खांद्यामागून वच्छलेनं हात वर केला होता. दोन बोटं. एकमेकांना अगदी चिकटून.

मी छडी उगारली. ढोलकीवाला समजला. वजीरभाईंनी रिकामं मशीन करकर फिरवायला घेतलं आणि उंद्रीच्या बिड्यांचा धूर झोतातून निघाला.

"पाहा! काळी पुढे! नाही, पांढरी पुढे! काळी! पांढरी! वळण गेलं, शेवटचा दोर आला, आणि हे पाहा, हे पाहा मंडळी, दोन्ही गाड्या एका वेळी! बरोबरी! बरोबरी!"

"पाह्यलं!" किसनराव ओरडले.

"पाह्यलं, पाह्यलं!" नथ्थूजी नाचायलाच लागले.

मग दोघं कोऱ्या पडद्यासमोर उभे राहून एकमेकांना समजावून सांगायला लागले. "पाव्हणे, मी मोताळ्यात डाव्या अंगाले बसलो होतो, म्हणून मले काळी जराशी पुढं दिसली." "हाव ना! आन मी जळगावात उजव्या अंगाले! तिकून पांढरीच पुढं दिसन!" पटाच्या बाजूला बसल्यानं जोडीचा अंदाज चुकतो, हे दोघांनाही ठाऊक होतंच. मामांनी तिथल्या तिथे तंबूत कुंकू मागवलं. दुपारची पुरणपोळी ताटासकट आली. वजीरभाईंनी मुलाला पायमोजा भेट देऊ केला, पण एकच असल्यामुळे त्यानं नम्रपणे नाकारला.

पुढे बोलपट आले. नट स्वतःच बोलायला लागले, आणि एकदा जे बोलले तेच प्रत्येक गावी बोलायला लागले. वजीरभाई सरकीकडे परतले. मी बाजारात हाळी द्यायचं काम केलं, ते जमलं नाही. मालापेक्षा गोष्ट लांबत जाई. वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू, अजूनही एखादा बोलपट पाहताना शेवट जवळ आला की माझी छडी शिवशिवते, कारण चुकीचा माणूस जिंकत असतो आणि कोणी काही बोलत नाही.

गुणदोषांचं तेवढं राहिलं. लग्न मोताळ्याला झालं. मला बोलावणं होतं, पंगतीत दोन्ही व्याह्यांच्या मध्ये पाट होता. निघताना वच्छला पाया पडायला आली. हळदीचे हात, डोळे रडून लाल.

"मास्तर, एक विचारू? मोताळ्यात शेवटी पडद्यावर काईच नव्हतं ना? मी होती ना तंबूत. मले तं कोरा दिसला."

मी इकडेतिकडे पाहिलं. "अवं बाई! हळू बोल! आन तुले ठाऊक होतं, तं त्या दिवशी ओसरीवर बोलली काऊन नाई? माह्या जिवाचं पाणी झालं होतं!"

वच्छलेनं त्या दिवशी लिंबाखाली टोपी फिरवणाऱ्या पोराकडे पाहिलं. तो आता मुंडावळ्या सावरत उभा होता.

"बोलली असती तं दोन्ही बाप खोटे पडले असते," ती म्हणाली. "आन मले पोरगा पसंत होता."